शब्द आणि अर्थिंग

वाशीम हे नगर प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने ओळखले जात असे आणि वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती, ही गोष्ट त्या जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक असते, राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मात लावून दिला, ही गोष्ट त्यामानाने थोड्यांना ठाऊक असते, आणि शब्द व अर्थ यांची ताटातूट झाली असता कोणता अनर्थ ओढवतो, याचा अभ्यास त्या नगरात आजही रोज सकाळी साडेसातच्या सुमारास चालू असतो, ही गोष्ट मात्र ज्यांच्या अंगणात जुनी मारुती व्हॅन उभी आहे त्यांनाच ठाऊक असते. येथे ‘शब्द’ म्हणजे किल्ली फिरवताच गाडीतून जो काही आवाज निघतो तो, आणि ‘अर्थ’ म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत आणि पत्र्यापासून इंजिनापर्यंत जाणारी ती जोडणी, जिच्यावाचून विजेला घरी परतण्याची वाट सापडत नाही. मिस्त्री मंडळी तिला अर्थिंग किंवा नुसते अर्थ म्हणतात. गाडीतून शब्द निघतो पण अर्थ लागत नाही, ही अवस्था नवकवितेच्या वाचकाला परिचयाची आहे. फरक इतकाच की कवितेला मागून धक्का मारता येत नाही.

ज्या वाहनाविषयी हे विवेचन आहे ते १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने बाजारात आले, १९८८ पासून ते ‘ओम्नी’ झाले आणि २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, बारा इंची चाके, मागे पाट्यांची स्प्रिंग, दोन्ही बाजूंना सरकती दारे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या सीटच्या खाली दडवलेले इंजिन, अशी तिची रचना. लॅटिनमध्ये ‘ओम्नी’ या पदाचा आशय ‘सर्व’ असा होतो, आणि वाशीम जिल्ह्याने तो अक्षरशः घेतला. शाळेची पोरे, दुधाचे कॅन, मंडपाच्या कनाती, निवडणुकीचा भोंगा, पोहरादेवीला निघालेले कुटुंब, कारंज्याच्या गुरुमंदिराला निघालेले दुसरे कुटुंब आणि दोघांच्या मधल्या फटीत बसवलेली सोयाबीनची दोन पोती, हे सर्व तिने वाहिले. ज्या गाडीच्या पाटीवर एमएच-३७ आहे ती वाशीम जिल्ह्याची. परंतु हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला असल्यामुळे काही गाड्यांवर अजून अकोल्याचा ३० हा आकडा दिसतो, आणि अशा गाडीचा मालक ‘आमची गाडी जिल्ह्यापेक्षा जुनी आहे’ हे वाक्य पूर्वजांच्या ताम्रपटाच्या आविर्भावात उच्चारतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ मध्ये त्याचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, तेव्हा अनेक घरांत गाडी विकण्याची चर्चा झाली आणि चर्चेअंती गाडी ठेवून ती चर्चाच निकालात काढण्यात आली.

जुन्या गाडीतील बिघाड शोधणे हे मुळात प्रमाणशास्त्राचे काम आहे. न्यायदर्शनाने ज्ञान मिळवण्याची चार साधने सांगितली आहेत: डोळ्यांनी पाहणे ते प्रत्यक्ष, खुणेवरून ताडणे ते अनुमान, सारखेपणावरून ओळखणे ते उपमान आणि जाणत्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे तो शब्द. गॅरेजमध्ये या चौघांचा क्रम बदलतो. बंद पडलेल्या व्हॅनभोवती दोन मिनिटांत जी सभा भरते तिच्यात सर्वांत आधी उपमान बोलते, कारण प्रत्येकाचा एक साडू असतो आणि त्या साडूच्या गाडीला अगदी असेच झालेले असते. रानात गवा दिसला असता ‘हा गाईसारखा आहे, म्हणून हा गवा’ असे ओळखावे, हे शास्त्रातील उदाहरण निरुपद्रवी आहे. परंतु साडूच्या गाडीचा सेल्फ बदलावा लागला होता, म्हणून याही गाडीचा सेल्फ बदलावा, या उपमानाची किंमत काही हजारांत जाते. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर. ती बिचारी बहुधा निर्दोष असते. घरात काहीही हरवले की मोलकरणीवर संशय घेतला जावा, तशी तिची गत आहे.

वास्तविक किल्ली फिरवल्यावर गाडी नेमके काय म्हणते, हे ऐकले तर अर्धे निदान तेथेच होते. हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे मावळतीला लागून जवळजवळ विझले आणि इंजिन कण्हले किंवा ‘टकटकटकटक’ असा घाईचा आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची जोडणी ढिली आहे. दिवे तेजस्वी राहिले आणि ‘टक्’ असा एकच ठाम शब्द ऐकू आला, तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फच्या पाठीवर बसलेला चुंबकी स्विच, अथवा खुद्द सेल्फ यांची चौकशी करावी. दिवेही तेजस्वी आणि शब्दही नाही, तर किल्लीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंत जाणारी बारीक तार कोठेतरी तुटली आहे असे समजावे. ही परीक्षा फुकट आहे, तिला हत्यार लागत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

बॅटरीची गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. निवांत पडलेली, भरलेली बारा व्होल्टची बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. बाराच्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी समजावी. आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, तिला पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्टांनी भरत असते. मालकाने मीटर लावावा, १२.६ दिसावेत, त्याने विजयी मुद्रेने मागे पाहावे, आणि तरीही गाडीने ‘टक्’ एवढेच म्हणावे, हा प्रसंग नित्याचा आहे. त्याचे कारण टर्मिनलवर जमलेल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थरात असते. ठिबकच्या नळीत क्षार साचले की टाकी काठोकाठ भरलेली असूनही झाडाच्या बुडाशी पाणी पोहोचत नाही, हे रिसोडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. येथेही तोच न्याय आहे. सेल्फ एका दमात शंभराच्या घरात अँपिअर ओढतो, आणि इतक्या प्रवाहाच्या वाटेत ओहमच्या पन्नासाव्या भागाचा अडथळा असला तरी दोन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. मीटर मात्र स्वतः काहीच ओढत नसल्यामुळे त्याला सगळे आबादीआबाद दिसते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टर्मिनलवर ओतला की फेस येतो, थर विरघळतो आणि घासून, पुसून, आवळून बसवल्यावर गाडी पहिल्याच किल्लीला चालू होते. हा उपाय स्वयंपाकघरातील असल्याने तो बहुधा घरातील बाईने सुचवलेला असतो व पुरुषमंडळींनी तो सेल्फ बदलून आणल्यानंतर करून पाहिलेला असतो.

टर्मिनल स्वच्छ करूनही शब्द तेवढाच राहिला, तर मग प्रश्न खरोखर अर्थाचा असतो. इंजिन रबराच्या पायांवर बसवलेले असते, जेणेकरून त्याची थरथर पत्र्यापर्यंत जाऊ नये. पण रबरातून वीजही जात नसल्याने इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारेची एक पट्टी बांधलेली असते. दोन-अडीच दशकांच्या चिखलपाण्याने ही पट्टी हिरवी पडते, तिचे बोल्ट गंजतात, आणि एके दिवशी ती नुसती नावाला उरते. तेव्हा सेल्फचा तो प्रचंड प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो आणि ती त्याला चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या पोलादी केबलमधून सापडते. केबल तापते, तिचे वेष्टण वितळू लागते, क्वचित धूरही निघतो. चोक ओढणाऱ्याच्या बोटाला चटका बसतो आणि ‘चोकमध्ये करंट आला’ अशी वार्ता पसरते. तक्रार चोकची, दोष इंजिनाखालच्या पट्टीत, आणि बिल कार्बोरेटरचे, असा या गाडीचा त्रिस्थळी व्यवहार आहे.

वाशीमच्या बसस्थानकापासून फार दूर नसलेल्या कोणत्याही गॅरेजात हे दृश्य दिसू शकते. मिस्त्री सीट उचलतो. हाताखालच्या पोऱ्याला तो ‘बॅटरी धर’ असे सांगतो आणि पोऱ्या टॉर्च धरतो, कारण मराठीत दोन्ही वस्तूंना एकच नाव असून कोणती धरायची हे ओळखणे हा त्या गुरुकुलातील पहिला धडा आहे. मिस्त्री जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवतो व सांगतो, “आता मारा बरं सेल्फ, भाऊ.” इंजिन तात्काळ गरगरते. मिस्त्री केबल काढतो. “पुन्हा मारा.” टक्. मिस्त्री मान न वळवता निकाल देतो, “अर्थ भेटत नाही याले.” चार शब्दांच्या या वाक्यात प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवाक्य हे तिन्ही आले. काव्य म्हणजे शब्द आणि अर्थ यांचे सहितत्व, असे भामहाने म्हटले होते; त्याला हे वाक्य आवडले असते.

अर्थाच्या अभावाची सौम्य लक्षणे गाडीच्या मागच्या भागात दिसतात आणि ती करमणुकीची असतात. मागच्या दिव्याच्या खोळीतील अर्थचा स्क्रू गंजला की ब्रेक दाबताच इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवा त्याच तालावर डोळे मिचकावतो, आणि मागून येणारा ट्रॅक्टरवाला ही गाडी मंगरुळपीरला वळणार की थांबणार की लग्नाच्या वरातीतील आहे, या संभ्रमात पडतो. वीज येथेही परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बच्या तारेतून घुसत असते. एक स्क्रू काढून, पॉलिश पेपरने जागा चमकवून, पुन्हा आवळला की हा सगळा तमाशा संपतो. इंडिकेटरची टिकटिक मात्र वेगळी ऐकावी. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी बल्बच्या प्रवाहाने तापून वाकते. एक बल्ब गेला की ती पुरेशी तापत नाही आणि टिकटिक मंदावते किंवा थांबते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट धावत सुटतो. अर्थात ही टिकटिक ऐकण्यासाठी इंडिकेटर वापरावा लागतो, आणि जिल्ह्यात हाताने इशारा करण्याची परंपरा अधिक जुनी व अधिक विश्वासाची मानली जाते.

काही गाड्या तीन दिवस उभ्या राहिल्या की चौथ्या दिवशी मौन धारण करतात. ‘बॅटरी खराब आहे’ हा निकाल येथे घाईचा ठरतो, कारण एखादी वस्तू चोरून वीज पीत असण्याचा संभव असतो. चोर पकडण्याची रीत सोपी आहे. सर्व दिवे बंद करून बॅटरीची ऋण केबल काढावी, आणि केबल व टोक यांच्यामध्ये बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावावा. तो ठळक पेटला तर गळती आहे. मग एकेक फ्यूज उपटत जावे, आणि ज्या फ्यूजला दिवा विझेल त्या वाटेवर चोर आहे. शास्त्रकार याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, म्हणजे एक असताना दुसरे असणे आणि एक नसताना दुसरे नसणे. चोर पुष्कळदा नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिममध्ये किंवा गाडी मागे घेताना भक्तिगीत वाजवणाऱ्या हॉर्नमध्ये सापडतो. पण सर्वांत निरागस चोर म्हणजे छताचा दिवा. दार पुरते बसले नाही की चौकटीतील बटण दाबले जात नाही आणि तो दिवा पेटता राहतो. पाच वॅटचा हा दिवा जेमतेम ०.४ अँपिअर खातो, परंतु बहात्तर तासांत त्याचे तीस अँपिअर-तास होतात, आणि पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीला एवढा उपवास पुरतो. मालक लग्नाला जातो तो तीन दिवसांसाठीच, हे त्या दिव्याला बहुधा कोणीतरी सांगितलेले असते.

फ्यूज हा या सर्व मंडळात एकमेव कर्तव्यदक्ष कर्मचारी आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो स्वतः जळतो आणि बाकीच्यांना वाचवतो, आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावली जाते, जी कधीच जळत नाही. त्यानंतर जळते ते वायरिंग. पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे जाणावे, हे नैयायिकांचे लाडके उदाहरण डॅशबोर्डाखाली प्रत्यक्षात येते; आणि ही थट्टेची गोष्ट नाही, कारण या गाडीत पेट्रोलची वाट, इंजिन आणि माणसे यांच्यात फारसे अंतर नाही. याच कारणाने घरगुती सिलिंडरमधून नळी लावून गाडीत गॅस भरणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय वेडेपणाही आहे. उंदरांचा उल्लेख केल्याशिवाय मात्र वायरिंगचे प्रकरण पुरे होत नाही. सोयाबीन घरात आल्यावर उंदीरही घरात येतात, आणि सीटखालचे ऊबदार इंजिन हे त्यांना हिवाळ्यासाठी बांधलेले विश्रामगृह वाटते. वायपर चालू केल्यावर हॉर्न वाजू लागला, तर आधी लेंड्या शोधाव्यात.

उन्हाळ्याचे प्रकरण स्वतंत्र आहे. पारा चाळिशीपार गेलेला असतो, सीटखाली इंजिन असते, आणि चालकाच्या शेजारी बसण्याचा मान ज्या पाहुण्याला दिला जातो त्याला आपल्यावर कोणता राग काढला जात आहे हे कळत नाही. रेडिएटर तोंडाशी आणि इंजिन सीटखाली असल्याने पाण्याच्या नळ्या लांब असतात. पाणी भरताना त्यांत हवा अडकली की काटा चढत जातो, म्हणून इंजिन चालू ठेवून, बुडबुडे निघून जाईपर्यंत सावकाश पाणी भरावे लागते. झाकण दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. म्हणजेच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर ते एका क्षणात उकळते. बोअरच्या जड पाण्याने आत चुन्याचा थर धरतो, कूलंटने धरत नाही. परंतु बोअरचे पाणी फुकट आहे. गाडी वारंवार गरम होते म्हटल्यावर काही मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, काढूनच टाकतात. ज्या दारावर भांडण होते ते दारच काढून ठेवावे, असा हा तोडगा आहे. त्यामुळे पौषातल्या पहाटे इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त खाते, आणि मालक ‘ॲव्हरेज पडला’ म्हणून कार्बोरेटर साफ करायला येतो. त्याच मिस्त्रीकडे. कार्बोरेटरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्लग काढून पाहावा, टोक काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी, विटकरी-तपकिरी असेल तर कोणीही काहीही फिरवू नये. हे शेवटचे पथ्य पाळलेले फारसे आढळत नाही.

आवाजांचे वर्गीकरण हा खरा विद्वत्तेचा प्रांत. क्लच सोडताना गाडीखालून ‘खट्ट’ असा एक ठोका येतो तो बहुधा प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे पुढचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, क्रॉस जॉइंटचा असतो. वेगाबरोबर चढत जाणारा ‘हूंऽऽ’ हा चाकाच्या बेअरिंगचा. आणि सकाळी पहिल्या दोन मिनिटांपुरती येणारी ‘कुंईऽ’ ही सैल पट्ट्याची. मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. त्या वेळी भोवतालची सभा आपोआप गप्प होते, साडूसुद्धा. चार ठिकाणी टोक टेकवून झाल्यावर तो डोळे उघडतो आणि “चालू द्या अजून एक सीझन” असे म्हणतो. या वाक्याला कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालापेक्षा जास्त मान आहे, कारण त्यात खर्च नाही.

उरले ते सरकते दार. हिंदी चित्रपटांत खलनायकाची माणसे हेच दार एका हाताने सर्रकन उघडून नायिकेला आत ओढतात, यावरून त्या गाड्या नव्या होत्या एवढे निश्चित कळते. रुळात धूळ, सोयाबीनचा भुसा आणि शाळकरी मुलांनी सांडलेली चिवड्याची शेव साचल्यावर आणि खालचा रोलर झिजल्यावर हे दार एकाने उचलायचे, दुसऱ्याने ढकलायचे आणि तिसऱ्याने ‘हळू’ म्हणायचे असते. रूळ ब्रशने झाडून, रॉकेलने धुऊन, हलके ग्रीस लावावे आणि रोलर बदलावा. अर्ध्या तासाचे काम. परंतु दाराने गाडी अडत नाही, आणि जी वस्तू गाडी अडवत नाही तिच्यावर खर्च करणे हे वाशीम जिल्ह्यात उधळेपणाचे लक्षण समजले जाते.

तेव्हा मिस्त्री इंजिनाखाली अर्थची नवी पट्टी बसवतो, दोन्ही बोल्टांखालची जागा चकचकीत घासतो, सीट खाली टाकतो. मालक किल्ली फिरवतो. पूर्ण, गोल, भरदार आवाजात इंजिन बोलते. पैशांवरून घासाघीस होते, पन्नास रुपये सुटतात, साडूच्या गाडीचा विषय निघता निघता राहतो. मंडळी आत बसतात, पाठीमागून कोणीतरी दार ओढते, ते शेवटच्या दोन बोटांवर अडते. “राहू दे, चाललो आपण,” असा आतून आवाज येतो, आणि गाडी रिसोड नाक्याकडे वळते, भर उन्हात छताचा दिवा लावून.